मॅट्रिक्समधले एनए: शून्य टाकू, ओळी काढू, की भरून काढू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आर या संगणकभाषेत 200 ओळी आणि 40 स्तंभांचा एक मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचा तक्ता, आहे. प्रत्येक ओळ म्हणजे एक नमुना आणि प्रत्येक स्तंभ म्हणजे त्याचं एक मोजमाप. मधे मधे एनए, म्हणजे गहाळ नोंदी, आहेत. त्यामुळे सरासरी काढली की एनए, सहसंबंध काढला की एनए, आणि मुख्य घटक विश्लेषण, म्हणजे पीसीए (अनेक स्तंभांतली माहिती मोजक्या घटकांत गोळा करणारी पद्धत), तर एरर देऊन थांबतं. मग एनएच्या जागी सरळ शून्य टाकावं, की एनए असलेल्या ओळी काढून टाकाव्यात?

शून्य टाकू नका. ओळी काढणं कधी कधी चालतं, पण 40 स्तंभांच्या मॅट्रिक्समध्ये ते फार महागात पडतं, त्याचा हिशेब पुढे देतो. या दोन्हींच्या आधी एका प्रश्नाचं उत्तर हवं: त्या जागा रिकाम्या का राहिल्या? ते उत्तर आरकडे नसतं. ज्याने मोजमापं घेतली त्याच्याकडे असतं. कुठली पद्धत बरोबर हे त्यावरून ठरतं, म्हणून कोड लिहिण्याआधी त्या माणसाशी बोलून घ्या.

(खाली फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. कन्सोलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.)

एनए म्हणजे नेमकं काय

एनए म्हणजे "इथे काहीतरी किंमत आहे, पण ती आपल्याला माहीत नाही". हे एकदा डोक्यात बसलं की आरचं सगळं वागणं सरळ वाटायला लागतं. 5 अधिक एनए म्हणजे एनए, कारण माहीत नसलेल्या आकड्यात 5 मिळवले तरी उत्तर माहीत नसलेलंच राहतं. एनए बरोबर एनए का, असं विचारलं तर उत्तर "हो" येत नाही, पुन्हा एनएच येतं. दोन न माहीत असलेले आकडे सारखे आहेत की नाहीत, हे कोण सांगणार? म्हणूनच "एम == एनए" (एम म्हणजे आपला मॅट्रिक्स) लिहून रिकाम्या जागा शोधायला गेलं की सगळा मॅट्रिक्सच एनएने भरून समोर येतो. त्यासाठी इज.एनए() हे फंक्शन आहे.

हे तर्कशास्त्र आर शेवटपर्यंत पाळतं. एनएचा शून्यावा घात 1 येतो, कारण आकडा कुठलाही असो, उत्तर 1च असतं. "फॉल्स आणि एनए" याचं उत्तर फॉल्स येतं, कारण दुसरी बाजू काहीही निघाली तरी निकाल बदलत नाही. पण एनए गुणिले शून्य मात्र एनए, कारण तो न माहीत असलेला आकडा अनंत असू शकतो.

एनएएन वेगळा. शून्य भागिले शून्य असं काही केलं की तो तयार होतो. म्हणजे तिथे नोंद गहाळ नसते, गणितच अर्थहीन झालेलं असतं. अडचण अशी की इज.एनए() दोघांनाही ट्रू म्हणतं, तर इज.एनएएन() फक्त एनएएनला ट्रू म्हणतं. आकडेमोड करून तयार झालेल्या मॅट्रिक्समध्ये मी दोन्ही वेगवेगळे मोजतो. एनएएन सापडले तर भरायच्या मागे न लागता आधी ते कुठल्या भागाकारातून किंवा लॉगरिदममधून आले ते शोधावं.

आता शून्याबद्दल. शून्य हे मोजमाप आहे. "मोजलं, आणि काही आढळलं नाही" असा त्याचा अर्थ. "मोजलंच नाही" ही वेगळी गोष्ट आहे. एखाद्या स्तंभातल्या किमती 95 ते 105च्या दरम्यान असतील आणि तुम्ही दहा ठिकाणी शून्य टाकलंत, तर त्या स्तंभाची सरासरी खाली येते, प्रमाण विचलन, म्हणजे आकड्यांचा पसारा, कैक पटींनी वाढतं आणि पीसीएचा पहिला घटक बहुधा "कुठे शून्य टाकलं" एवढंच दाखवायला लागतो. ही गल्लत विरळ, म्हणजे बहुतेक जागी शून्य असलेल्या, मॅट्रिक्समुळे बळावते. मॅट्रिक्स नावाच्या पॅकेजमध्ये (पॅकेज म्हणजे आरला जोडायचा फंक्शनांचा संच) विरळ मॅट्रिक्स छापला की रिकाम्या जागी टिंब दिसतं, आणि अनेकांना ती गहाळ नोंद वाटते. ते टिंब म्हणजे शून्यच, फक्त जागा वाचवण्यासाठी साठवून न ठेवलेलं.

याच्या उलट प्रकारही होतो: गहाळ नोंद असते, पण ती आकड्याचं सोंग घेऊन येते. जुन्या उपकरणांच्या आणि सर्वेक्षणांच्या फायलींत -999, 9999, 99 असे आकडे "नोंद नाही" या अर्थाने घातलेले असतात. आरला ते कसं कळणार? म्हणून फाइल वाचल्यावर प्रत्येक स्तंभाची लघुतम आणि महत्तम किंमत बघायची. 9999 असला तर तो तिथेच उघडा पडतो. रीड.सीएसव्ही() ला एनए.स्ट्रिंग्ज या आर्ग्युमेंटमध्ये हे संकेत आधीच सांगता येतात. त्याची मूळ किंमत "एनए" ही दोन अक्षरं आहे, आणि त्यातून एक मजेशीर पण खरी अडचण उभी राहते: नामिबियाचा दोन अक्षरी देशसंकेत नेमका तोच आहे. देशांच्या संकेतांचा स्तंभ असलेली फाइल वाचली की नामिबिया गहाळ होतो.

आणखी एक तपासणी करून घ्या. डेटा फ्रेमचा (आकडे आणि अक्षरं दोन्ही चालणाऱ्या तक्त्याचा) मॅट्रिक्स करताना एक जरी स्तंभ अक्षरांचा असला, तर अ‍ॅज.मॅट्रिक्स() सगळ्याच स्तंभांची अक्षरं करून टाकतं. एखाद्या आकड्यांच्या स्तंभात कुणीतरी "नोंद नाही" असं हाताने लिहिलेलं असतं आणि त्यापायी 40 स्तंभ बिघडतात. मोड() विचारून "न्यूमेरिक" उत्तर येतंय ना, हे पाहायला दोन सेकंद लागतात.

एक एनए किती दूर पसरतो

साध्या यादीत एनए असला तर एक बेरीज बिघडते. मॅट्रिक्समध्ये तसं नसतं. समजा तुमच्या मॅट्रिक्समध्ये एकच एनए आहे, 17व्या ओळीत, 8व्या स्तंभात. एकूण 8000 जागांपैकी एक. आता या मॅट्रिक्सला दुसऱ्या एखाद्या मॅट्रिक्सने उजवीकडून गुणलं, तर उत्तरातली 17वी ओळ सगळी एनए होते. क्रॉसप्रॉड() वापरून 40 गुणिले 40चा गुणाकार काढला, तर त्यातली 8वी ओळ आणि 8वा स्तंभ पूर्ण जातात, म्हणजे 1600 पैकी 79 जागा. मॅट्रिक्सचे घटक सुटे करणारं एसव्हीडी() तर "अनंत किंवा गहाळ किमती आहेत" असं सांगून कामच नाकारतं, आणि पीआरकॉम्प() आतून त्याच्यावरच चालत असल्यामुळे तुमचं पीसीए थांबतं. ओळींचे गट पाडणाऱ्या के-मीन्सचंही तेच.

या नकाराचा लोकांना राग येतो. मला तो आरचा मोठा गुण वाटतो. गपचूप काहीतरी उत्तर देण्यापेक्षा "मला माहीत नाही" म्हणणारं साधन परवडतं. पायथनच्या पांडाज लायब्ररीत सरासरी काढताना गहाळ किमती न सांगता वगळल्या जातात. आरमध्ये तेच करायला एनए.आरएम = ट्रू असं लिहावं लागतं. म्हणजे तो निर्णय तुम्ही घेतलात हे कोडमध्ये दिसतं.

आणि निर्णय आहे म्हटल्यावर त्याचे परिणामही माहीत हवेत. एखादा स्तंभ पूर्ण रिकामा असेल आणि एनए.आरएम = ट्रू दिलं, तर सम() चं उत्तर 0 येतं, मीन() चं एनएएन, आणि मॅक्स() इशारा देऊन उणे अनंत परत करतं. यातलं पहिलं सर्वांत घातक, कारण शून्य बेरीज खरी वाटते. शिवाय वगळून काढलेल्या 40 सरासऱ्या एकाच पायावरच्या नसतात. कुणाच्या मागे 198 नोंदी असतात, कुणाच्या मागे 60. म्हणून सरासऱ्यांच्या शेजारी नोंदींची संख्या छापावी. कोलसम्स(!इज.एनए(एम)) एवढ्यात ते होतं.

दोन फंक्शनं मात्र एनए चालवून घेतात, ती माहीत असावीत. स्केल() सरासरी आणि विचलन काढताना एनए वगळतं आणि त्या जागा एनएच ठेवतं, ते ठीकच. डिस्ट() दोन ओळींतलं अंतर काढताना जिथे दोन्हीकडे किंमत आहे तेवढेच स्तंभ घेतं आणि बेरीज प्रमाणात वाढवतं: 40 पैकी 30 स्तंभ मिळाले तर 40 भागिले 30ने गुणतं. म्हणजे गहाळ स्तंभांतही सरासरी तेवढाच फरक असेल, असं ते तुमच्या वतीने गृहीत धरतं. आणि हे करताना इशारा वगैरे काही देत नाही.

कुणाला न दिसणारी चूक

ही चूक मी इतरांचे कोड तपासताना पुन्हा पुन्हा पाहिली आहे, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. प्रत्येक एनएच्या जागी त्याच्या स्तंभाची सरासरी टाकायची आहे, म्हणून लोक असं लिहितात:

एम[इज.एनए(एम)] <- कोलमीन्स(एम, एनए.आरएम = ट्रू)

वाचायला अगदी बरोबर वाटतं. आता चार ओळी आणि दोन स्तंभांचा मॅट्रिक्स घ्या. पहिल्या स्तंभात एनए, एनए, 10, 20. दुसऱ्यात 200, 300, 400, 500. स्तंभांच्या सरासऱ्या 15 आणि 350. वरची ओळ चालवली की पहिल्या स्तंभात काय येतं? 15, 350, 10, 20. दुसऱ्या स्तंभाची सरासरी पहिल्या स्तंभात जाऊन बसली. ना एरर, ना इशारा.

कारण असं की आरच्या दृष्टीने मॅट्रिक्स म्हणजे एक लांबलचक यादीच असते, स्तंभामागून स्तंभ अशी रचलेली, आणि सोबत "किती ओळी, किती स्तंभ" एवढी चिठ्ठी. डावीकडे रिकाम्या जागा त्या क्रमाने येतात, उजवीकडच्या सरासऱ्या एकामागून एक त्यांत भरल्या जातात. कुठली सरासरी कुठल्या स्तंभाची, हे कुणी पाहत नाही. रिकाम्या जागांची संख्या सरासऱ्यांच्या पटीत नसली तर निदान एक इशारा येतो. पटीत असली तर तोही नाही.

बरोबर रीत अशी:

जागा <- विच(इज.एनए(एम), एआरआर.इंड = ट्रू)
एम[जागा] <- कोलमीन्स(एम, एनए.आरएम = ट्रू)[जागा[, 2]]

पहिल्या ओळीत प्रत्येक रिकाम्या जागेचा ओळ क्रमांक आणि स्तंभ क्रमांक मिळतो, आणि दुसऱ्या ओळीत त्या स्तंभ क्रमांकाची सरासरी उचलली जाते. याच कारणामुळे "एम - कोलमीन्स(एम)" ही वजाबाकीही चुकते. तिथे सरासऱ्या ओळींच्या दिशेने खाली खाली वापरल्या जातात. त्यासाठी स्वीप() वापरा. पद्धत कुठलीही निवडा, भरण्याआधी "मास्क <- इज.एनए(एम)" असं करून रिकाम्या जागांचा नकाशा जपून ठेवा. एकदा आकडे भरले की मोजलेलं कुठलं आणि भरलेलं कुठलं हे मॅट्रिक्सकडे पाहून कधीच सांगता येत नाही.

रिकाम्या जागांना आकार असतो

हा मास्क म्हणजे ट्रू-फॉल्सचा मॅट्रिक्स. तो स्वतःच एक माहिती आहे आणि भरण्याआधी तिचाच अभ्यास करायचा. कोलमीन्स(मास्क) म्हणजे प्रत्येक स्तंभात किती भाग रिकामा, रोमीन्स(मास्क) म्हणजे प्रत्येक ओळीत किती. मग चित्र काढा. इमेज() मॅट्रिक्स नव्वद अंशांत फिरवून दाखवतं, तेव्हा आधी ओळी उलट्या क्रमाने घेऊन टी() ने पालटून द्या, म्हणजे चित्र आणि छापलेला मॅट्रिक्स जुळतील. एखादी उभी पट्टी दिसली तर तो स्तंभ कमकुवत. आडवा ठोकळा दिसला तर त्या काळात काहीतरी बंद होतं. सगळीकडे बारीक ठिपके असतील तर बरं लक्षण.

आरसोबत येणारा एअरक्वालिटी नावाचा डेटा यासाठी उत्तम आहे, आणि प्रत्येकाच्या संगणकावर तो आधीच असतो. न्यूयॉर्कमधल्या हवेच्या मे ते सप्टेंबर 1973 या काळातल्या दैनंदिन नोंदी: 153 ओळी, 6 स्तंभ. ओझोनच्या 37 नोंदी गहाळ, सौर प्रारणाच्या 7. एकूण 918 जागांपैकी 44, म्हणजे पाच टक्क्यांहूनही कमी. पण एनए असलेल्या ओळी काढल्या तर 111 उरतात. पाच टक्के रिकाम्या जागांपायी सत्तावीस-अठ्ठावीस टक्के दिवस गेले.

आता महिन्यानुसार पाहा. ओझोनच्या गहाळ नोंदी मे महिन्यात 5, जूनमध्ये 21, जुलैत 5, ऑगस्टमध्ये 5, सप्टेंबरमध्ये 1. जूनच्या तीस दिवसांपैकी फक्त नऊ दिवसांच्या नोंदी आहेत! एकूण 37 हा आकडा पाहून हे कधीच कळलं नसतं. आता सगळीकडे एकूण सरासरी, म्हणजे 42.1, भरली तर काय होतं ते बघा. जूनच्या त्या नऊ दिवसांची सरासरी 29.4 आहे. भरल्यावर जूनची सरासरी 38.3 होते. जुलै-ऑगस्टचा जास्त ओझोन, जिथे सरासरी साठच्या आसपास आहे, तो जूनमध्ये ओतला गेला. शिवाय ओझोनचं प्रमाण विचलन 33.0 वरून 28.7 वर येतं, कारण 37 नोंदी नेमक्या सरासरीवर बसवल्या आणि पसारा तेवढा आक्रसला.

सरासरी भरणं मला पटत नाही ते यासाठी. सरासरी जपली जाते असं वाटतं, पण विचलन, सहसंबंध, प्रमाण त्रुटी (अंदाजातल्या अनिश्चिततेचं माप) हे सगळं बिघडतं, आणि तेही अशा दिशेने की निष्कर्ष आहेत त्यापेक्षा पक्के वाटावेत. मध्यक भरला तरी हे दुखणं तसंच राहतं.

का गहाळ झालं

या "का" ची मांडणी संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी 1976 मध्ये केली आणि आजही तीच वापरली जाते. तीन शक्यता. पहिली, गहाळ होण्याचा कशाशीच संबंध नाही: नळी फुटली, फाइल खराब झाली. अशा वेळी उरलेल्या ओळी मूळच्यांचा प्रामाणिक नमुना असतात, आणि ओळी काढल्या तरी उत्तर एका बाजूला झुकत नाही, फक्त माहिती कमी होते. दुसरी, गहाळ होणं तुम्ही मोजलेल्या इतर गोष्टींवर अवलंबून आहे, जसं वर महिन्यावर दिसतं. मग त्या गोष्टी हाताशी धरून भरता येतं. तिसरी, गहाळ होणं त्या न मोजलेल्या किमतीवरच अवलंबून आहे. उदाहरणार्थ, प्रयोगशाळेच्या उपकरणाला ठरावीक मर्यादेखालचं प्रमाण ओळखताच येत नाही आणि तिथे एनए लिहिला जातो.

तिसऱ्या प्रकाराचं दुर्दैव असं की तो नुसत्या आकड्यांवरून दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येत नाही. म्हणून मोजणाऱ्याला विचारा. तुमचे 40 स्तंभ प्रयोगशाळेतले असतील तर पहिला प्रश्न हाच: ओळखण्याच्या मर्यादेखालच्या किमती तुम्ही कशा लिहिता? उत्तर "एनए" असेल तर ती जागा पूर्ण अज्ञात नाही. ती किंमत मर्यादेपेक्षा कमी आहे हे आपल्याला ठाऊक आहे, आणि ती माहिती वापरणाऱ्या खास पद्धती आहेत. अशा ठिकाणी मर्यादेच्या निम्मी किंमत टाकायची रूढी आहे, पण अशा नोंदी बऱ्याच असतील तर ती टाळावी. सर्व्हायव्हल पॅकेज अशा "डावीकडून कापलेल्या" नोंदी हाताळतं.

ओळी काढण्याचा हिशेब आता देतो. प्रत्येक जागा रिकामी असण्याची शक्यता फक्त 2 टक्के धरा, एकमेकींशी संबंध नसलेली. 40 स्तंभांची ओळ पूर्ण भरलेली असण्याची शक्यता 0.98चा 40वा घात, म्हणजे सुमारे 0.45. तुमच्या 200 पैकी 89 ओळी उरतील. शक्यता 5 टक्के असेल तर 0.13, म्हणजे 26 ओळी. 26 ओळींवर 40 स्तंभांचं विश्लेषण करण्यात अर्थ नाही. उलट पाच स्तंभ आणि हजारो ओळी असतील, नळी फुटण्यासारखं कारण असेल, तर खुशाल एनए.ओमिट() करा. मधला मार्ग म्हणजे आधी फारच रिकामे स्तंभ बाजूला काढणं. एखाद्या स्तंभात 70 टक्के एनए असतील आणि तो तुमच्या प्रश्नाचा गाभा नसेल, तर त्याच्यापायी 140 ओळी गमावू नका.

सहसंबंध काढताना कॉर() ला यूज या आर्ग्युमेंटमधून "पेअरवाइज.कम्प्लीट.ऑब्ज" सांगता येतं. मग प्रत्येक जोडीसाठी जेवढ्या ओळी मिळतात तेवढ्या वापरल्या जातात. नजर टाकण्यासाठी हे छान आहे. पण या मॅट्रिक्सवर पुढचं गणित करायला जाल तर सावध. प्रत्येक आकडा वेगळ्या ओळींतून आलेला असल्यामुळे ते एकमेकांशी जुळतीलच असं नाही. टोकाचं उदाहरण: पहिल्या-दुसऱ्याचा सहसंबंध 0.9, पहिल्या-तिसऱ्याचा 0.9, आणि दुसऱ्या-तिसऱ्याचा उणे 0.9. एकाच माणसांच्या एकाच नोंदींतून हे शक्यच नाही, पण वेगवेगळ्या ओळींतून येऊ शकतं. या मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू 1.9, 1.9 आणि उणे 0.8 येतात. पीसीएमध्ये आयगेन व्हॅल्यू म्हणजे त्या घटकाचं विचरण (पसाऱ्याचं माप, विचलनाचा वर्ग), आणि विचरण उणे कसं असेल? मॅट्रिक्स पॅकेजमधलं निअरपीडी() जवळचा वैध मॅट्रिक्स शोधून देतं, ते गरज पडली तर वापरा, पण आधी जोडीजोडीला किती ओळी मिळाल्या ते पाहा. क्रॉसप्रॉड(!मास्क) हे एका ओळीत सांगतं.

भरायचंच तर कशाने

हे तुम्हाला पुढे काय करायचंय त्यावर ठरतं, आणि इथे माझं मत स्पष्ट आहे.

रिग्रेशन (एका स्तंभाचा दुसऱ्यावरचा परिणाम मोजणं) करून "या घटकाचा परिणाम किती आणि खात्री किती" असं सांगायचं असेल, तर बहुविध भरणी करा. माइस हे पॅकेज त्यासाठी सर्वांत रुळलेलं. त्याची कल्पना सुंदर आहे: एकच भरलेला संच न करता अनेक करायचे, प्रत्येकात भरलेले आकडे थोडे वेगळे, आणि तो वेगळेपणा म्हणजेच आपल्या अज्ञानाचं माप. विश्लेषण प्रत्येक संचावर स्वतंत्र चालवायचं. अंतिम अंदाज म्हणजे त्यांची सरासरी. एकूण विचरण म्हणजे संचांच्या आतलं सरासरी विचरण, अधिक संचांमधलं विचरण गुणिले एक अधिक एक भागिले संचसंख्या. पाच संच असतील तर तो गुणक 1.2. हे सूत्रही रुबिन यांचंच, आणि पूल() ते आपोआप लावतं. मूळ मांडणीत पाच संच असतात. गहाळ भाग मोठा असेल तर मी वीसच्या पुढे जातो, संगणकाला वेळ लागला तरी.

आकड्यांच्या स्तंभांसाठी माइस मुळात "प्रेडिक्टिव्ह मीन मॅचिंग" वापरतं. अंदाज काढून तो थेट न भरता, ज्यांचा अंदाज त्याच्या जवळ आहे अशा पाच खऱ्या नोंदींतून एक उचलतं. त्यामुळे उणे वजन किंवा 130 टक्के आर्द्रता असले आकडे कधी येत नाहीत. 40 स्तंभांत प्रत्येकाचा अंदाज बाकीच्या 39 वरून बांधला तर 200 ओळींवर ताण येतो. क्विकप्रेड() वापरून ज्यांचा खरोखर संबंध आहे तेवढेच स्तंभ निवडा. आणि ज्याचं पुढे रिग्रेशन करायचं तो परिणामाचा स्तंभही भरणीच्या मॉडेलमध्ये असू द्या. तो वगळला तर भरलेल्या जागांत नातं पुसलं जातं आणि परिणाम आहे त्यापेक्षा कमी दिसतो.

तुम्हाला पीसीए करायचंय. तिथे अनेक संचांचे घटक एकत्र करणं किचकट होतं, कारण घटकांची चिन्हं आणि दिशा संचागणिक फिरतात. तिथे मॅट्रिक्सच्या स्वतःच्या घडणीचा उपयोग करणारी पद्धत बरी. तीन ओळींचा छोटा मॅट्रिक्स घ्या: 1 आणि 2, 2 आणि 4, 3 आणि एनए. स्तंभाची सरासरी तिथे 3 भरेल. पण दुसरा स्तंभ पहिल्याच्या दुप्पट आहे हे डोळ्यांना दिसतंय, आणि योग्य आकडा 6 वाटतो. हे "दिसणं" गणिताने पकडायचं म्हणजे मॅट्रिक्सची रँक कमी आहे, म्हणजे थोड्याच घटकांतून तो सगळा उभा राहतो, असं मानायचं. कृती अशी: आधी स्तंभांच्या सरासऱ्या भरायच्या, एसव्हीडी काढायचं, पहिले काही घटक ठेवून मॅट्रिक्स पुन्हा उभा करायचा, त्यातून फक्त रिकाम्या जागांचे आकडे घ्यायचे (मोजलेल्यांना हात लावायचा नाही), आणि आकडे हलायचे थांबेपर्यंत हेच करत राहायचं. मिसएमडीए पॅकेजमधलं इम्प्यूटपीसीए() हे करतं, तेही नियंत्रित स्वरूपात, म्हणजे गोंगाटावर फार विश्वास न ठेवता. किती घटक ठेवायचे हे एस्टिम_एनसीपीपीसीए() ला विचारा. ही पायरी गाळू नका, जास्त घटक ठेवले की भरणी बेभान होते.

फार मोठ्या मॅट्रिक्ससाठी सॉफ्टइम्प्यूट आहे. तिथे घटक तोडण्याऐवजी सिंग्युलर व्हॅल्यू, म्हणजे घटकांची वजनं, थोड्या थोड्या आक्रसवतात. या शाखेला वेग दिला तो 2006 ते 2009 मधल्या नेटफ्लिक्सच्या दहा लाख डॉलरच्या स्पर्धेने. 4,80,189 प्रेक्षक, 17,770 चित्रपट, आणि जेमतेम 10 कोटी गुणांकनं, म्हणजे मॅट्रिक्सच्या सव्वा टक्क्याहूनही कमी जागा भरलेल्या. इथेही "का" चा प्रश्न सुटत नाही, कारण माणूस आवडेल असं वाटणारा चित्रपटच आधी पाहतो. रिकाम्या जागा योगायोगाने रिकाम्या नव्हत्या.

के-निकटतम शेजारी ही पद्धत 2001 मध्ये जनुकांच्या मायक्रोअ‍ॅरे डेटासाठी पुढे आली आणि बायोकंडक्टर या जैविक डेटासाठीच्या पॅकेज-संग्रहातल्या इम्प्यूट पॅकेजमध्ये ती मिळते. ती शेजारी ओळींमध्ये शोधते, म्हणून मॅट्रिक्स आडवा की उभा ते बघा, आणि स्तंभांची एककं वेगळी असतील तर आधी स्केल करा. मिसफॉरेस्ट हे पॅकेज आकडे आणि वर्ग मिसळलेले असताना सोयीचं. ओळी काळाच्या क्रमाने असतील आणि एखाद-दुसरीच नोंद मधे गहाळ असेल, तर झू पॅकेजचं एनए.अ‍ॅप्रॉक्स() दोन टोकांमधून सरळ रेषा ओढून भरतं, तेवढं पुरतं. जूनसारख्या सलग मोठ्या खड्ड्यावर मात्र रेषा ओढू नका.

भरणी कितपत जमली ते तपासायला मोजलेल्या जागांतल्या काही मुद्दाम लपवा, त्यांच्यासकट भरा, आणि खऱ्या किमतींशी ताडून बघा. सेट.सीड() आधी द्या म्हणजे तेच पुन्हा करून दाखवता येईल. सोबत साध्या स्तंभ-सरासरीचीही त्रुटी काढा. तुमची पद्धत तिच्यापेक्षा ठळकपणे चांगली नसेल तर स्तंभांमध्ये परस्पर माहितीच फारशी नाही, आणि मग कुठलीही भरणी चमत्कार करणार नाही. लपवताना जागा इकडेतिकडे विखरून निवडू नका. मास्कमध्ये जसे खड्डे दिसतात तसेच पाडा: ठोकळे असतील तर ठोकळे, एकाच स्तंभात असतील तर त्याच स्तंभात. विखुरलेल्या जागांवर उत्तम निघालेली पद्धत सलग खड्ड्यावर सपाट पडते, हे इथेच कळलेलं बरं. ही कसोटी पीसीएसाठी ठीक आहे. रिग्रेशनसाठी तिच्यावर विसंबू नका: सर्वांत कमी त्रुटीची भरणी सगळे आकडे मधोमध आणून ठेवते आणि प्रमाण त्रुटी खोट्या लहान करते, जे टाळण्यासाठीच बहुविध भरणी आहे. अहवालात प्रत्येक स्तंभात किती टक्के जागा भरल्या, कशाने भरल्या, आणि फक्त पूर्ण ओळींवर तेच विश्लेषण केलं तर काय येतं, हे लिहा. दोन्ही उत्तरं जिथे वेगळी निघतील त्या स्तंभांची यादी घेऊन मोजमापं घेणाऱ्याकडे परत जा.